साडेचार की पावणेतीन

१

सर्जन प्रयोगशाळेत स्वतः कधी येत नसत. त्यांना काही हवं असलं की फोन यायचा, आणि फोन ठेवल्यावरही बराच वेळ त्यांचा आवाज खोलीत घुमत राहायचा. त्या दुपारी मात्र ते जिना उतरून आले. डोक्यावर ऑपरेशनची टोपी तशीच होती. त्यांनी दोन कागद भिंगबाईंच्या टेबलावर आपटले.

"एकच माणूस, एकच दिवस. सकाळी पोटॅशियम साडेचार आणि दुपारी पावणेतीन! यातलं खोटं कुठलं ते सांगा."

भिंगबाई म्हणजे प्रयोगशाळेच्या प्रमुख डॉक्टर. कुठलाही रिपोर्ट त्या आधी डोळ्यांना लावून, मग लांब धरून आणि मग पुन्हा जवळ घेऊन वाचत, म्हणून हे नाव पडलं होतं. लोक ते पाठीमागे घेत. बाईंना ते ठाऊक होतं आणि आतून आवडतही होतं.

"कोणाचं रक्त?" त्यांनी विचारलं.

"घड्याळवाले आजोबा. खिडकीजवळची खाट."

आजोबांना इस्पितळात सगळे ओळखत. उभा जन्म घड्याळं दुरुस्त करण्यात गेलेला माणूस. बायपास उत्तम झालं होतं, अतिदक्षता विभागातून ते वॉर्डात आले होते, दोनचार दिवसांत घरी जाणार होते. आणि आज जेवणाआधी ते बसल्या जागी घामाने डबडबले. छातीत धडधड सुरू झाली, शेजारच्या मॉनिटरवरची रेघ वेडीवाकडी धावू लागली. हृदयाचे वरचे कप्पे नीट ठोके द्यायचे सोडून नुसते थरथरत होते. मोठ्या शस्त्रक्रियेनंतर असं होऊ शकतं, आणि रक्तातलं पोटॅशियम उतरलं असेल तर त्याची शक्यता फार वाढते. म्हणून तर अशा रुग्णांचं पोटॅशियम रोज सकाळी तपासतात आणि कमी दिसलं की लगेच भरून काढतात.

"रोज सकाळी तुमचा रिपोर्ट साडेचार," सर्जन म्हणाले. "म्हणून आम्ही निर्धास्त. पोटॅशियम दिलंच नाही. यंत्र बिघडलंय तुमचं."

"दुपारचं रक्त अतिदक्षता विभागातल्या यंत्रावर घातलंत ना?"

"घातलं."

"काय आलं?"

"पावणेतीनच."

"मग माझं यंत्र ठणठणीत आहे." बाईंनी दोन्ही कागद एकमेकांशेजारी ठेवले. "सकाळपासून त्याच्यावर शेदीडशे रुग्णांचं रक्त गेलंय. एकाचीही तक्रार नाही."

"मान्य. म्हणजे दोन्ही आकडे खरे." सर्जनांचा आवाज एकदम खाली आला, आणि तो ओरडण्यापेक्षा वाईट वाटला. "आणि दोन्ही खरे असतील, तर मधल्या वेळात कोणीतरी काहीतरी केलंय. शेजारच्या खाटेला इन्शुलिन चालू आहे. इन्शुलिनने पोटॅशियम भराभर खाली येतं. एकाचं इंजेक्शन दुसऱ्याला टोचलं गेलं, बाई. आजोबा वाचतील, पण असली चूक मी माझ्या वॉर्डात पोटात घालणार नाही."

"सकाळी कोण होतं ड्यूटीवर?"

सर्जनांनी टोपी काढून हातात घेतली.

"तुमची भाची," ते म्हणाले.

२

सर्जनांनी भर वॉर्डात बोल लावल्यापासून भाचीला परिचारिकांच्या खोलीत बसवून ठेवलं होतं. ती ताठ बसली होती. गणवेशाची घडी जागच्या जागी, केस चापून बांधलेले. रडलेली दिसत नव्हती. बाईंना पाहून ती उठली.

"मावशी म्हणून आलीयस की डॉक्टर म्हणून?"

"डॉक्टर म्हणून."

"मग बस."

बाईंना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. ही लहानपणापासून अशीच. पडली तरी आधी फ्रॉक झटकायची आणि मग गुडघा बघायची.

"इन्शुलिनचं काय?"

"शेजारच्या काकांचं काकांनाच दिलं. नाव विचारलं, हातातला पट्टा वाचला, त्यांनीच सदरा वर केला. त्यांना विचार. जागे असतात आणि गप्प बसत नाहीत."

"आणि आजोबांचं रक्त कसं घेतलंस? पहिल्यापासून सांग."

भाचीने सुस्कारा टाकला. "त्यांच्या शिरा म्हणजे नुसता लपंडाव. सुई दिसली की पळतात. दोन नळ्या भरायच्या असतात. पिवळ्या टोपणाची मोठी, तुमच्या पोटॅशियम-बिटॅशियमसाठी. तिच्यात रक्त थेंबथेंब येतं आणि रेषेच्या खालीच थांबतं. जांभळ्या टोपणाची लहान, रक्तातल्या पेशी मोजायला. ती भरते. मग नळ्यांना तिथेच लेबल चिकटवते, स्टँडमध्ये ठेवते, सुई टाकून हात धुऊन येते आणि घाईत नळ्या पुन्हा न बघताच पिशवीत घालून सीलबंद करते."

"पिवळी कमी भरलेली असते, तरी पाठवतेस?"

"वॉर्डातल्या त्यांच्या पहिल्या दिवशी पाठवली, तर तुमच्या नियमबुवांनी परत धाडली." नियमबुवा म्हणजे नमुने उतरवून घेणारे प्रयोगशाळेतले तंत्रज्ञ. "फोन स्पीकरवर होता. अख्ख्या वॉर्डाने ऐकलं. 'जांभळी अर्धी आली तरी आमचं भागतं, पण पिवळी रेषेपर्यंत भरून पाठवा, नाहीतर पाठवूच नका.' आजोबांना परत टोचावं लागलं. त्यांच्या हातावर जागा उरली नव्हती, सगळा काळानिळा. डोळ्यांत पाणी माझ्याच आलं. ते म्हणाले, 'पोरी, तुझा काय दोष, नळीच मापाला चुकलीय.'"

"मग पुढे?"

"पुढे बुवा सुधारले. पिवळी कमीच जाते, पण निमूट घेतात. मी त्याचं नवलच करत होते."

बाई उठल्या. दाराशी जाऊन थांबल्या.

"सर्जनसाहेब तोंडाने फटकळ आहेत, पण ऐकणारे आहेत. मी त्यांच्याशी बोलून बघते."

"नको." भाचीचा आवाज चढला नाही, पण त्याला धार आली. "माझ्यासाठी शब्द टाकू नकोस. भाची म्हणून सुटले ना, तर इथे जन्मभर भाचीच राहीन. माझ्या हातून झालं असेल तर मला सांग, मी सगळ्यांसमोर कबूल करेन. आणि झालं नसेल तर कोणाच्या हातून झालं ते शोध."

बाई जिन्यावर आल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपलीही पाठ नकळत ताठ झाली आहे.

३

प्रयोगशाळेत परत येऊन त्यांनी दोन्ही रिपोर्ट पुन्हा हातात घेतले. आतापर्यंत सगळे पोटॅशियमच्या ओळीवर बोट ठेवून भांडत होते. बाईंनी बाकीच्या ओळी वाचल्या.

साखर दुपारी नेहमीसारखी होती. जेवणाआधी उपाशीपोटी अंगात इन्शुलिन गेलं असतं तर ती घसरली असती. ही एक गोष्ट भाचीच्या बाजूने होती, पण तेवढ्याने सर्जनांचं समाधान होणार नव्हतं.

मग बाईंची नजर कॅल्शियमवर गेली. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

सकाळी कॅल्शियम पावणेसहा होतं. दुपारी नऊच्या वर.

पावणेसहा फार कमी. वॉर्डातल्या कोणीतरी 'शस्त्रक्रियेनंतर थोडं उतरतंच' म्हणून गोळी चालू केली होती आणि विषय सोडून दिला होता. पण गोळीने ते काही तासांत एवढं चढत नाही. पोटॅशियम खाली आलं आणि त्याच वेळात कॅल्शियम वर गेलं. इन्शुलिन काय किंवा दुसरं कुठलं औषध काय, हे दोन्ही एका फटक्यात करणार नव्हतं.

त्यांनी आजोबांचे मागचे आकडे संगणकावर काढले. अतिदक्षता विभागात असताना कॅल्शियम रोज ठीक होतं. वॉर्डात आल्यावर पहिल्या दिवशीही ठीक होतं. दुसऱ्या दिवसापासून मात्र रोज सकाळी पावणेसहाच्या आसपास.

"बुवा!" त्यांनी हाक मारली.

नियमबुवा हातमोजे काढत आले. सडपातळ, इस्त्रीचे कपडे. हाक मारली तर आधी हातातलं काम संपवून मगच येणारे.

"खिडकीजवळच्या खाटेचे नमुने हल्ली कसे येतात?"

"फार छान," बुवा म्हणाले आणि त्यांच्या चेहऱ्यावर समाधान पसरलं. "पहिल्या दिवशी मी जरा कडक बोललो. त्याचा उपयोग झाला बघा. आता पिवळी नळी येते ती रेषेला रेष. थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. असा भरणारा हात मी पाहिला नाही. जांभळी मात्र अर्धीच असते. पण तेवढ्यात भागतं."

बाई खुर्चीत मागे टेकल्या. भाची सांगत होती, पिवळी कमी जाते आणि जांभळी भरलेली. बुवा सांगत होते, पिवळी भरलेली येते आणि जांभळी अर्धी. दोघांपैकी एकालाही खोटं बोलायचं कारण नव्हतं.

"पिशवी फोडलेली असते का कधी?"

"छे! सील माझ्या हाताने काढतो मी. फाटकी पिशवी आली तर मी हातसुद्धा लावत नाही."

"त्या खाटेच्या जुन्या जांभळ्या नळ्या आहेत?"

होत्या. नमुने काही दिवस फ्रीजमध्ये ठेवायचा नियम होता, आणि बुवांच्या राज्यात नियम म्हणजे नियम. बाईंनी एक नळी दिव्याखाली धरली. पेशी मोजणारं यंत्र जांभळ्या नळीचं टोपण उघडत नाही. त्यातून बारीक सुई घालून रक्त ओढून घेतं. तेव्हा टोपणाखाली झाकलेल्या काचेला बाहेरून रक्त लागायचं काही कारणच नव्हतं.

बाईंनी टोपण काढलं. त्याने झाकलेल्या भागावर, काचेच्या बाहेरच्या अंगाला, वाळलेल्या रक्ताची पुसट कडा होती. दुसऱ्या नळीलाही तसंच. तिसऱ्यालाही.

"बुवा," बाई म्हणाल्या, "ही टोपणं आपल्याकडे यायच्या आधी कोणीतरी उघडलीयत."

४

दुसऱ्या दिवशी सकाळी बाई वॉर्डात गेल्या, तर तिथे वेगळाच गोंधळ. आजोबांची लेक खाटेच्या पायथ्याशी उभी राहून हुंदके देत होती आणि सर्जनांच्या हातात एक छोटी डबी होती.

"सापडलं!" त्यांनी बाईंना बघताच डबी पुढे केली. "ज्येष्ठमध. या बाई रोज संध्याकाळी वडिलांना चघळायला देतात."

"खोकला होता हो त्यांना," लेक रडत म्हणाली. "खोकलं की टाक्यांवर ताण येतो. घसा मऊ राहावा म्हणून दिलं. घरीही वर्षानुवर्षं खातात ते. मला काय माहीत?"

"ज्येष्ठमधाने पोटॅशियम उतरतं," सर्जन म्हणाले. "अंगातलं पाणी काढायचं इंजेक्शन आम्ही देतोय, त्यानेही उतरतं. दोन्ही एकत्र आलं म्हटल्यावर काय राहणार?"

"खरं आहे," बाई म्हणाल्या. "पोटॅशियम का उतरलं, त्याचं हे उत्तर झालं. पण ते हळूहळू उतरतं, दिवसागणिक. मग काल सकाळी साडेचार कसं होतं?"

सर्जनांनी डबी खाटेवर ठेवली. "ते तुमच्या भाचीला विचारा. दुपारच्या फेरीपर्यंत मला समाधानकारक काही सांगितलं नाहीत, तर मी लेखी तक्रार करणार आहे."

ते निघून गेले. बाईंनी लेकीला पाणी दिलं.

"तुम्ही सकाळी कधी येता?"

"सकाळी सोडत नाहीत हो. संध्याकाळीच येते. आज काळजीपोटी सोडलं."

शेजारच्या खाटेवरचे काका कान टवकारून ऐकत होतेच. बाईंनी नुसतं वळून बघितलं आणि ते सुरू झाले. "इन्शुलिन मलाच दिलं. हे बघा, पोटावर डाग आहे! त्या मुलीसारखी सिस्टर नाही. मधे तिची सुट्टी होती, तर दुसरी आली. ती पण बरी आहे, पण हात जड."

"सुट्टीच्या दिवशी आजोबांचं रक्त तिने घेतलं?"

"तिनेच. आणि पिवळी भरली नाही म्हणून बिचारी कपाळाला हात लावून बसली होती."

त्या दिवशीचं कॅल्शियमही पावणेसहाच होतं. बाईंना ते पाठ झालं होतं. सुई धरणारा हात वेगळा, आणि आकडा तोच.

त्या आजोबांकडे वळल्या. दंडातून सलाइन चाललं होतं, त्यात पोटॅशियम होतं आणि मॅग्नेशियमही, कारण मॅग्नेशियम कमी असलं की दिलेलं पोटॅशियम अंगात ठरत नाही. मॉनिटरवरची रेघ पहाटेपासून सरळ चालीला लागली होती. आजोबा थकलेले होते, पण डोळे टक्क उघडे. मांडीवर रुमाल पसरून, डोळ्याला घड्याळजीचं भिंग लावून त्यांनी एक मनगटी घड्याळ उघडलं होतं आणि आजूबाजूच्या गोंधळाकडे त्यांचं लक्षच नव्हतं.

"आजोबा, काल एवढं झालं आणि आज हे?"

"त्या सुट्टीच्या दिवशी बदली आलेल्या सिस्टरचं आहे. बंद पडलं म्हणून उदास होती. हात रिकामे राहिले की मला जास्त आजारी वाटतं."

"रोज करता असं काहीतरी?"

"वॉर्डात आल्यापासून रोज. भिंतीवरचंसुद्धा मीच लावून दिलं. पाच मिनिटं मागे पडत होतं, कोणाला पत्ता नव्हता."

चिमट्याच्या टोकावर मोहरीच्या दाण्याहून लहान चाक होतं. ते जरासुद्धा हललं नाही. बाई त्या चाकाकडे बघत राहिल्या. कॅल्शियम खरोखर पावणेसहा असतं, तर बोटं आखडली असती, मुंग्या आल्या असत्या. हा माणूस रोज या हातांनी चाकं बसवत होता. सकाळचं कॅल्शियम खोटं होतं. आणि कॅल्शियम खोटं, तर त्याच नळीतलं पोटॅशियमही खोटं.

त्यांनी शेजारच्या टेबलावरच्या नळ्यांच्या स्टँडकडे पाहिलं. ते आजोबांच्या उजव्या हातापासून वीतभर अंतरावर होतं.

५

दुपारच्या फेरीला बाईंनी सगळ्यांना खिडकीजवळ बोलावलं. सर्जन आले, नियमबुवा कधी नव्हे ते प्रयोगशाळा सोडून वर आले, लेक होतीच. भाची आली आणि सगळ्यांपासून हातभर दूर, हात मागे बांधून उभी राहिली. तिने मावशीकडे एकदाही पाहिलं नाही.

बाईंनी खिशातून दोन नळ्या काढल्या. दोन्हींत लाल रंगाचं पाणी होतं. जांभळी भरलेली, पिवळी रेषेच्या खाली.

"आजोबा, ही पिवळी कमी भरलीय. आता प्रयोगशाळेतून परत येणार."

आजोबांनी नळीकडे पाहिलं, मग बाईंकडे, आणि त्यांचा चेहरा खुलला. "आणा इकडे."

त्यांनी भिंग डोळ्याला लावलं. अंगठ्याने जांभळं टोपण अलगद वर सरकवलं, टक् असा आवाज झाला. मग पिवळं. जांभळी नळी पिवळीच्या तोंडाशी नेली आणि तिरपी केली. पाणी काठाकाठाने उतरलं. रेष आली तिथे थांबलं. थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. टोपणं बसली, रुमालाने काच पुसली गेली, नळ्या स्टँडमध्ये उभ्या राहिल्या.

"झालं," आजोबा म्हणाले. "ही सिस्टर हात धुऊन यायच्या आत रोज होतं."

नियमबुवांचा चेहरा पांढरा पडला होता.

"रोज?" सर्जनांच्या तोंडून कसंबसं निघालं.

"रोज म्हणजे, या गृहस्थांनी फोनवर पोरीला झाडलं, त्या दुसऱ्या दिवसापासून. जांभळी अर्धी चालते, पिवळी भरून हवी, असं मीच कानांनी ऐकलं. सगळं माझंच रक्त! इकडचं तिकडे केलं तर कोणाचं काय गेलं? पोरीचं बोलणं वाचलं आणि माझं टोचणं. सांगितलं नाही, कारण तिने करू दिलं नसतं." आजोबांनी सभोवार पाहिलं. शाबासकी मिळेल या आशेने वर आलेली हनुवटी हळूहळू खाली आली. "काही चुकलं का?"

बाई खाटेच्या कडेवर बसल्या आणि एखाद्या मोठ्या कारागिराशी बोलावं तशा त्यांच्याशी बोलल्या.

"आजोबा, जांभळी नळी रिकामी दिसते, पण ती रिकामी नसते. रक्त गोठू नये म्हणून तिच्यात एक क्षार लावलेला असतो. तो पोटॅशियमचा असतो, आणि रक्तातलं कॅल्शियम धरून ठेवतो. तुम्ही जांभळीतलं रक्त पिवळीत ओतलंत, त्याबरोबर तो क्षारही गेला. पोटॅशियम होतं त्याहून जास्त दिसलं आणि कॅल्शियम कमी. अंगात पोटॅशियम रोज उतरत होतं, आणि कागदावर रोज साडेचार. काल तुम्ही घामाघूम पडला होतात, डॉक्टरांनी जांघेतून रक्त घेतलं आणि लगेच पाठवलं. त्या नळ्यांना तुमचा हात लागला नाही. म्हणून तेवढा एक आकडा खरा आला."

"आणि ही?" आजोबांनी भाचीकडे बोट केलं. "काल मला कसलीच शुद्ध नव्हती, आणि तेव्हापासून ही दिसली नाही. मला वाटलं सुट्टी आहे."

सर्जनांनी नजर वळवली, तेव्हा ते काय ते समजले.

"तिला बोल लावलात? माझ्या उद्योगासाठी?"

भाची पुढे आली. तिने आजोबांच्या मांडीवरचा रुमाल उचलला, घडी केली आणि त्यांच्या उशाशी ठेवला.

"आजोबा, तुमची नाडी वाढतेय," ती म्हणाली. "आधी श्वास घ्या. माझं मी बघते."

६

फेरी संपली. सर्जन वॉर्डाच्या दारापर्यंत गेले आणि भाचीला खुणेने बाजूला बोलावलं. बाई तिथून जवळच होत्या, ऐकायचं नाही म्हटलं तरी ऐकू येत होतं.

"सिस्टर, माझी चूक झाली. संध्याकाळी माझ्या खोलीत या, आपण निवांत बोलू."

"साहेब, आरोप खोलीत नव्हता केलात," भाची म्हणाली. आवाजात राग नव्हता. रोजची औषधाची वेळ सांगावी तशी सांगत होती. "भर वॉर्डात, सगळ्या रुग्णांसमोर केलात. उद्या हेच रुग्ण माझ्या हातून इंजेक्शन घेणार आहेत. त्यांच्या मनात शंका राहिली तर मी काम कसं करू? जे बोलायचं ते तिथेच बोला."

या माणसाशी असं बोललेलं त्यांनी आजवर ऐकलं नव्हतं. त्या स्वतःही बोलल्या नव्हत्या.

सर्जनांचा चेहरा लाल झाला. मग ते वळले आणि लांब ढांगा टाकत वॉर्डाच्या मधोमध जाऊन उभे राहिले.

"सगळ्यांनी ऐका," ते म्हणाले. त्यांचा आवाज मुळातच मोठा, शेवटच्या खाटेवर झोपलेले गृहस्थसुद्धा जागे झाले. "काल मी या सिस्टरवर चुकीच्या इंजेक्शनचा आळ घेतला. तो खोटा होता. त्यांनी दिलेली सगळी औषधं बरोबर होती. रिपोर्टमध्ये कॅल्शियमचा आकडा रोज माझ्या डोळ्यांसमोर होता, तो मी वाचायला हवा होता, वाचला नाही. मी त्यांची माफी मागतो."

शेजारच्या काकांनी टाळी वाजवली. एकट्याचीच वाजली, मग दुसरी, मग चार खाटांवरून. आजोबांच्या एका हाताला सलाइन होतं, त्यांनी दुसऱ्या हाताने गादीवर थाप मारली.

नियमबुवा पुढे झाले. त्यांना माफी मागायची सवय नव्हती, त्यामुळे ते थोडे वाकडेतिकडे बोलले. "लहान मुलांसाठी छोट्या पिवळ्या नळ्या असतात आमच्याकडे. चार थेंबांत भरतात. ज्यांच्या शिरा अवघड आहेत, त्यांच्यासाठी मागवायच्या होत्या तुम्ही. म्हणजे... मीच द्यायला हव्या होत्या. उद्यापासून देतो."

"आणि हात धुवायला मी पिशवी सील केल्यावर जाईन," भाची म्हणाली. "नळ्या नजरेआड केल्या, तेवढं माझं चुकलं."

ती लगेच कामाला लागली. ड्यूटी दुसरीची होती, पण तिला कोणी अडवलं नाही. तिने आजोबांच्या दंडाला पट्टा बांधला, शीर चाचपडली. आजोबांनी हात पुढे केला आणि तोंड खिडकीकडे फिरवलं. बाई बघत होत्या. भाचीचा हात स्थिर होता. सुई एकदाच गेली.

तो रिपोर्ट बाईंनी स्वतः यंत्रातून काढला. पोटॅशियम चारच्या वर आलं होतं, मॅग्नेशियम जागेवर, कॅल्शियम नऊच्या वर. त्यांनी कागद डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, सही केली आणि फोन उचलून धाकट्या बहिणीला लावला.

"ताई? या वेळी कशी?" पलीकडून आवाज आला आणि लगेच घाबरला. "काय झालं? पोरीला काही झालं का?"

बाईंनी सगळं सांगितलं. इन्शुलिन, नळ्या, आजोबा, वॉर्डातली माफी.

"काल दिवसभर तिच्यावर आळ होता?" तिने शेवटी विचारलं. "रात्री घरी आली, जेवली, झोपली. मला एक शब्द बोलली नाही."

"मलाही म्हणाली, माझ्यासाठी शब्द टाकू नकोस."

"आणि एवढ्या मोठ्या डॉक्टरांना तिने तोंडावर सांगितलं? सगळ्यांसमोर बोला म्हणून?"

"तोंडावर."

पलीकडे बहीण हसली की रडली, ते फोनवर कळलं नाही.

"कोणावर गेलीय गं ही?" ती म्हणाली.

"आपल्या घरात तर असं कोणी नव्हतं," भिंगबाई म्हणाल्या. "हिच्यापासून सुरू झालं म्हणायचं."